पत्र्याच्या छताविरुद्ध ठराव

पुण्यात पाच माणसं एका टेबलाभोवती बसली आणि चहा येईपर्यंत त्यांनी अध्यक्ष निवडला नाही, तर त्यांतलं एखादं बाहेरगावचं आहे असं खुशाल समजावं. आमचं गाडीवेड्यांचं मंडळ दर रविवारी सकाळी शनिवार पेठेतल्या एका हॉटेलात भरतं. अध्यक्ष मी, कारण माझा आवाज सगळ्यांत मोठा. चिटणीस एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते स्वतः गाडी चालवत नाहीत, पण गाड्यांना नापास करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही.

आमच्यातल्या बहुतेकांच्या गाड्या चारचौघांसारख्या. माझी तर दारं उघडल्यावर जेवढी उघडते तेवढीच उघडी. पण वेडाला मालकी लागत नाही. भक्ताच्या नावावर कुठे देऊळ असतं?

मंडळात खरीखुरी उघडी गाडी एकाकडेच आहे. माझे हे मित्र वयाने माझ्याहून बरेच मोठे, कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढून निवृत्त झालेले, राहायला विश्रांतवाडीला. त्यांची गाडी लाल, दोन सीटची, कापडी छताची. दोन खटके सोडायचे, छत हाताने मागे ढकलायचं, की डोक्यावर आभाळ. ते हॉटेलसमोर गाडी लावतात तेव्हा आम्ही सगळे चहा सोडून दारात येतो. अजूनही येतो.

एका रविवारी आमचा सर्वांत तरुण सभासद, हिंजवडीत नोकरी करणारा अमरावतीकडचा मुलगा, घाईघाईने आला आणि त्याने मोबाइल साखरेच्या भांड्याला टेकवून उभा केला. अशाच एका छोट्या स्पोर्ट्‌स कारचं नवं रूप बाहेर आलं होतं. तिचं कापडी छत गेलं होतं आणि त्याच्या जागी कडक पत्र्याचं छत आलं होतं. आम्ही डोक्याला डोकी लावून बघू लागलो. बटण दाबलं की गाडीची पाठ अलगद वर उचलली जाते, छत दुमडून सीटच्या मागे जाऊन बसतं आणि पाठ पुन्हा जागेवर येते. एखाद्या सराईत नटाने पगडी काढून खाली ठेवावी तसं. पण छत उघडल्यावरही मागचे दोन खांब उभेच्या उभे. आभाळ दिसतं ते फक्त डोक्यावर. मागे वळलात तर खांब, आणि त्यांच्यामध्ये एक चिमुकली काच.

मग चिटणीस म्हणाले, "मांडव काढला आणि खांब ठेवले. लग्न झालं की मोडलं, ते आधी ठरवा म्हणावं."

त्यानंतर कोणालाच आवरेना. एकाने तिला पोळ्यांचा डबा म्हटलं. दुसऱ्याला मागच्या बाजूचा उतार इतका आवडला, की बंद असताना एवढी देखणी दिसणारी गाडी उघडावीच कशाला, असं त्याचं म्हणणं पडलं. हिंजवडीकर एकटा नव्या छताच्या बाजूने लढला. "काका, आमच्या तिकडे कंपनीच्या बसमागे उघड्या गाडीत बसून पाहा न. घरी पोचेपर्यंत माणसाचा पुतळा होते." शिवाय हे छत चालत्या गाडीतही उघडतं, फक्त वेग अगदी कमी हवा, असं त्याने अभिमानाने सांगितलं. चिटणीस म्हणाले, म्हणजे हिंजवडीत ते दिवसभरात केव्हाही उघडता येईल.

आता अशा प्रसंगी दुसऱ्या गावची माणसं वाद घालून घरी जातात. आम्ही ठराव करतो. "कडक पत्र्याचे छत असलेल्या गाडीस उघडी गाडी असे संबोधण्यात येऊ नये." सूचक चिटणीस, अनुमोदक पोळ्यांच्या डब्याचे जनक. ठरावाच्या बाजूने मी उभा राहून बोललो. केसांतून वाहणाऱ्या वाऱ्याचं मी इतकं हृद्य वर्णन केलं, की माझ्या डोक्यावर केस नाहीत हे लोक क्षणभर विसरले असावेत. ती गाडी आमच्यापैकी कोणीही प्रत्यक्ष पाहिलेली नव्हती, पण ठराव करण्यासाठी वस्तू पाहावी लागते असा आमच्याकडे नियम नाही. हात वर झाले, शेवटी कंटाळून हिंजवडीकराचाही. एक हात तेवढा टेबलावरच राहिला. तो लाल गाडीच्या मालकाचा होता.

त्यांनी शांतपणे विचारलं, "छत बंद असताना आत आवाज किती येतो?"

आम्ही हसलो. मनापासून हसलो. उघडी गाडी घ्यायची आणि ती बंद असताना कशी असते ते विचारायचं, म्हणजे देवळात जाऊन चपलांच्या स्टँडची चौकशी करण्यासारखं आहे, असं मीच म्हणालो. तेही थोडं हसले आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

मला घरी सोडायला ते नेहमी थोडी वाकडी वाट करतात. त्या दिवशी गाडीत बसल्यावर मी त्यांना आवाजाचं काय ते विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते सिग्नलगणिक सांगितलं, कारण त्या गाडीत चालताना बोललेलं सवय नसलेल्या कानांना ऐकू येत नाही. कापडी छत लावलेलं असलं तरी वारा आत आणि शब्द बाहेर.

पहिल्या सिग्नलला कळलं की वहिनींना ऐकायला फारच कमी येऊ लागलंय आणि दोन्ही कानांत मशीन बसवलंय. हे मला माहीत होतं. दिवा हिरवा झाला. दुसऱ्या सिग्नलला कळलं की ते मशीन वाराही मोठा करून ऐकवतं, त्यामुळे त्या या गाडीत बसत नाहीत. दोघांना एकाच लग्नाला जायचं असलं तरी ते गाडीतून निघतात आणि वहिनी मागून रिक्षाने येतात. हे मला माहीत नव्हतं. मी त्यांना कित्येक समारंभांत शेजारी बसलेलं पाहिलं होतं. ते कसे आले, हे मी कशाला विचारीन?

तिसऱ्या सिग्नलला त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली. मग म्हणाले, "आमचं जे काही बोलणं व्हायचं, ते गाडीतच व्हायचं हो. घरात आता फक्त चहा, औषध आणि दाराची कडी. बाकीचं ओरडून सांगण्यासारखं नसतं."

दिवा हिरवा झाला आणि त्याने मला काहीतरी शहाणपणाचं बोलण्यापासून वाचवलं.

पुढचे काही दिवस मी यावर फार विचार केला. माझ्यासारख्या बोलघेवड्याला वाटतं, की माणसं समोरासमोर बसून बोलतात. खरं म्हणजे समोरासमोर बसली की ती भाषणं करतात. शेजारी बसून दोघं एकाच रस्त्याकडे बघत असली की वेगळंच काहीतरी तोंडातून निघतं. मुलाचं लग्न का लांबतंय, आई शेवटी आपल्याला ओळखत होती का, असलं. ते मोठ्या आवाजात दोनदा सांगायला लागलं की त्यातलं काही उरत नाही. आणि भांडण? भांडणात तर सगळी मजा हळू आवाजात टाकलेल्या वाक्याची. ते वाक्य "काय?" म्हणून पुन्हा मागितलं, की आपणच आपलं हसं करून घेतो.

शहरातल्या एका शोरूममध्ये ती गाडी काही दिवस दाखवायला येणार असल्याची बातमी हिंजवडीकरानेच आणली. अख्खं मंडळ गेलं, ठरावाची अंमलबजावणी करायला. माझे मित्र लाल गाडीतून आले, छत उघडं टाकून. त्यांच्यामागून एक रिक्षा येऊन थांबली आणि तीतून वहिनी उतरल्या. चिटणीसांची जरा तारांबळ उडाली. ठरावाची बातमी वहिनींपर्यंत पोचली होती.

"तुमचा ठराव ऐकला, सर," वहिनी म्हणाल्या. "अगदी योग्य आहे. ही उघडी गाडी नाहीच. म्हणून तर मी आले."

विक्रेत्याने बटण दाबलं. पाठ उचलली गेली, छत आत गेलं, आणि आम्ही सगळे, ज्यांनी हात वर करून तिला नापास केलं होतं, एकमेकांच्या खांद्यावरून माना लांब करत होतो. पोळ्यांच्या डब्याचे जनक मोबाइलवर चित्रीकरण करत होते. चिटणीस एवढंच म्हणाले, की प्रयोगाला मार्क द्यायला हरकत नाही.

मग माझ्या मित्रांनी विचारलं, की छत बंद करून एक फेरी मारता येईल का. एवढी सुंदर हवा पडली असताना बंद? विक्रेत्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. ते चाकामागे बसले, वहिनी शेजारी बसल्या, काचा वर गेल्या. गाडी फाटकातून बाहेर पडताना मला काचेतून दिसलं, की मित्रांचे ओठ हलले आणि वहिनींनी मान त्यांच्याकडे न वळवताच काहीतरी उत्तर दिलं. ओठ बघावे लागले नाहीत त्यांना. माझ्या शेजारी चिटणीस उभे होते. त्यांनाही ते दिसलं असावं, कारण ते चष्मा पुसायला लागले.

एका छोट्या फेरीचं ठरलं होतं. विक्रेता आधी हसत होता, मग घड्याळ बघू लागला, मग त्याने मला विचारलं की हे लोक तुमच्या चांगल्या ओळखीचे आहेत ना. मी म्हणालो, आजपर्यंत तरी होते.

शेवटी गाडी आली. आत दोघं कडाकडा भांडत होते. दारं उघडली तरी थांबेनात. पुलाच्या अलीकडे डावीकडे वळायला सांगितलं होतं, हे सरळ गेले, असं वहिनींचं म्हणणं. सांगितलं ते वळण गेल्यावर सांगितलं, असं ह्यांचं. मग ते भांडण पुलावरून मुलाच्या लग्नावर आणि तिथून कुठल्या तरी वर्षीच्या कोकणच्या सहलीवर गेलं. वहिनी हळू आवाजात एकेक वाक्य टाकत होत्या आणि मित्रांचा चेहरा लाल होत होता. इतका आनंदी माणूस मी फार दिवसांनी पाहिला.

विक्रेत्याने घसा खाकरून, गाडी कशी वाटली, असं विचारलं. मित्र वहिनींकडे बघू लागले.

वहिनी म्हणाल्या, "गाडी छान आहे. आम्हाला नको."

मित्रांचा चेहरा उतरला. विक्रेत्याचा तर गळूनच पडला. वहिनींनी पर्समधून एक छोटी डबी काढली, कानांतली दोन्ही मशीनं काढून तीत ठेवली, डबी बंद केली आणि रस्ता ओलांडून लाल गाडीपाशी गेल्या. दार उघडून आपल्या जुन्या जागेवर बसल्या. मी मागोमाग धावलो. सारथी पोचण्याआधी अध्यक्षाला सगळं कळायला हवं. मी हातवारे करून विचारलं, की आता ऐकू कसं येणार.

"मला कुठे ऐकायचंय, भाऊजी?" त्या नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. "आत्ता त्या बंद गाडीत बसून तेच सांगितलं ह्यांना, तर थट्टा समजले. मला ऐकू येत नाही. ह्यांना येतं ना? तेव्हा मी बोलेन, हे ऐकतील. पटलं तर एकदा हॉर्न."

आणि नाही पटलं तर, असं मी दोन बोटं वर करून विचारलं.

"तशी सोय ठेवलेली नाही."

माझे मित्र आले, निमूट बसले, गाडी सुरू केली. वहिनींनी पदर खांद्यावर घट्ट खोचला आणि समोर बघत बोलायला सुरुवात केली. गाडी गर्दीत शिरली. आमचं मंडळ फुटपाथवर रांगेत उभं होतं. कोपऱ्यापाशी हॉर्न ऐकू आला, एकदाच. तिथे एक दुचाकी आडवी आली होती हे मला दिसलं होतं. पण थोड्या वेळाने, रस्ता मोकळा झाल्यावर, लांबून आणखी एकदा आला.