प्राणहितेवर इंजिनाला शेक

आष्टीच्या घाटावरून लाँच सुटली तेव्हा धुकं इतकं होतं की आपण पाण्यावरून चाललोय की ढगांवरून, तेच कळेना. चांद्याहून मोटारीने येताना हाडं खिळखिळी झाली होती; आता शरीर आपोआप सैल पडलं. लाँच एका लाकूड-ठेकेदाराची. सागाच्या तराफ्यांवर नजर ठेवायला ती सिरोंच्यापर्यंत जायची. चालक डोमाजीभाऊ, वडशाकडचे ढिवर, म्हणजे नदीवरचे कोळी. चढतानाच त्यांनी एक अट घातली.

"मास्तर, कुठीबी बसा जी. इंजिनाले तेवढा हात लावू नका."

मी हाडाचा शाळामास्तर. दुसऱ्याला शहाणपण शिकवल्याशिवाय मला अन्न पचत नाही, हे घरच्यांना ठाऊक आहे. डोमाजीभाऊंना ते ठाऊक नव्हतं.

चपराळ्यापाशी वर्धा येऊन मिळाली आणि नदीचं नाव प्राणहिता झालं. दोन्ही काठांना साग, मधेच वाळूच्या बेटावर ऊन खात बसलेले बगळे. मला डुलकी लागली. जागा झालो तो इंजिनातून वाफ निघत होती. नदीचं पाणी आत ओढणाऱ्या नळीत शेवाळ अडकलं होतं. डोमाजीभाऊ पुढच्या टोकाला बांबूने पाण्याची खोली बघत होते. मी बादली बुडवली आणि गार पाणी तापलेल्या लोखंडावर ओतलं.

टण्ण असा आवाज झाला. हात दाखवून अवलक्षण ते हेच. इंजिनाच्या कुशीला वीतभर भेग पडली होती.

डोमाजीभाऊ धावत आले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. बोट ओलं करून त्यांनी भेगेवर फिरवलं आणि खाली बसले.

"मी सिरोंच्याला सगळं सांगतो," मी म्हणालो. "चूक माझी आहे."

"बिलकुल सांगू नका," ते म्हणाले. "इंजिन तापलं तं मुनीम शिव्या देईन, बस. पन परक्याचा हात लागला म्हनाल तं मले घरी बसवतीन. मालकाचा कायदा हाये. वीस वर्सं या नदीत काढली जी मी."

बांबूने ढकलत आम्ही लाँच काठाला लावली. वर गोंडांची चार घरं होती. डोमाजीभाऊंच्या पेटीत इंजिनाबरोबर आलेले, भेगा बुजवायच्या लुकणाचे दोन डबे होते, कधी न उघडलेले, आणि इंग्रजी चिठ्ठी. ती मी वाचली: दोन्ही सारखं घ्या, कालवा, चोवीस तास हलवू नका, ऊब द्या.

भेग पुढे सरकू नये म्हणून त्यांनी तिच्या दोन्ही टोकांना हातड्रिलने बारीक भोकं पाडली. छिन्नीने ती रुंदावली, पेट्रोलने धुतली, सुकू दिली. मग करड्या रंगाचं ते लुकण बोटाने दाबून दाबून भरलं. मी फक्त चिठ्ठी धरून उभा होतो. या वेळी दुसरा हात पाठीमागे ठेवला होता.

"ऊब म्हनजे शेक," डोमाजीभाऊ म्हणाले. "आमच्यात दुरुस्त केलेली नाव एक दिवस बाळंतीन राह्यते. तिच्यावर पाय ठेवत नाई, तिले हाक मारत नाई."

पहिल्या घरातल्या बुधीबाईंनी ते ऐकलं आणि काही न विचारता चूल पेटवली. तव्यावर वाळू तापवायची, फडक्यात बांधायची, त्या पुरचुंड्या इंजिनाच्या कुशीला लावायच्या. थंड झाल्या की बदलायच्या.

तो दिवस माझ्या आयुष्यात कुठून आला कोण जाणे. दुपार हलेचना. सागाचं मोठं पान गळलं की त्याचा आवाज अख्ख्या काठाला ऐकू जाई. बुधीबाईंनी द्रोणात जावा (पातळ पेज) दिली, वर भाजलेली मासोळी. मी मोठ्याने बोललो की त्या लाँचकडे बोट दाखवून ओठांवर बोट ठेवत. मला फार अपराधी वाटत होतं, आणि तरीही मी सुखात होतो. दोन्ही एकदम वाटू शकतं, हे मला तिथे कळलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं. डोमाजीभाऊंनी भेगेवर हात धरला. हात कोरडा होता. बुधीबाईंनी लाँचच्या पुढच्या टोकाला हळद लावली.

सिरोंच्याच्या घाटावर मुनिमाने ती करडी रेघ लगेच पाहिली.

"हे काऊन झालं?"

"नळीत शेवाळ अटकलं जी. तापलं."

मुनीम माझ्याकडे वळला. "मास्तर, तुम्ही होते ना? असंच झालं?"

डोमाजीभाऊ नदीकडे बघत होते.

"असंच झालं," मी म्हणालो. मुलांना खोटं बोलल्याबद्दल मी छड्या मारलेल्या आहेत.

घरी परतल्यावर ही गोष्ट मी रंगवून सांगायचो. चिठ्ठी वाचणारा मी, शेक, हळद. ऐकणारे खूश व्हायचे. बायको मात्र दर वेळी विचारायची, "अहो, पण फुटलं कशानं?" मी म्हणायचो, शेवाळानं.

परवा डोमाजीभाऊंचं एक कार्ड आलं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. "लाँच मोडीत काढली. आपली भेग आखरीपर्यंत गळली नाई. मी घरी धान करून राह्यलो. आता कोनालेबी सांगा जी."

मी ते दोनदा वाचलं. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन बायकोला म्हणालो, "अगं, पाणी मी ओतलं होतं."