कॅमेऱ्याचं लहान कार्ड

परवा दुकानातलं कपाट आवरताना माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड हाती लागलं. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत मारेगावच्या माझ्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून रोलचा खर्च वाचवायला मी तो कॅमेरा घेतला. कार्ड आणायला यवतमाळला गेले तेव्हा दुकानदार म्हणाला, "मॅडम, मोठं कायले घेता? फोटो छापले का पुसून टाकाचे, कार्ड पुन्हा कोरं!" मला पटलं. लहान घेतलं आणि रोज संध्याकाळी पुसत गेले. दिवाळीनंतर एक बाई धाकट्या मुलीला घेऊन आली. "ताई, मोठीचा फोटो काढलता न तुमी, परीक्षेच्या फॉर्मासाठी? आठ दिस तापली अन् गेली. घरी तिचा एकबी फोटो नाही. तुमच्यापाशी निगेटिव्ह असन न?" रोलच्या काळात मी प्रत्येक निगेटिव्ह जपून ठेवत असे, हे तिला ठाऊक होतं. मी कार्ड काढून दाखवलं. आता फोटो यात असतात आणि तिचा मी पुसला, असं सरळ सांगितलं. तिने ते तळहातावर घेतलं. "एवढुशात होती का माही पोरगी?" कार्ड परत देऊन तिने धाकटीचे केस हातानेच सारखे केले आणि तिला स्टुलावर बसवलं. "हिचा काढा. अन् एक तुमच्यापाशी ठेवा, पुसू नोका." तो फोटो अजून माझ्याकडे आहे. इतक्या वर्षांत तो मागायला कोणी आलेलं नाही, हेच बरं.