पारोशी गोळी

त्या दिवशी पोरीच्या सासरी ओसरीवर कोण कोण होतं, थे आधी सांगून ठेवावं. पोरीची सासू, म्हणजे माही इहीन. तिचा म्हातारा, बिडी वढत. जवाई, खाली मान घालून. जवायाची आत्या, जिले कोणी बलावलं नव्हतं, पण बैठकीत पह्यली खुर्ची तिचीच. माहा भाऊ. मी. अन् दाराच्या आड माही पोरगी. सारं बोलणं तिच्याबद्दलच चालू होतं, अन् तिलेच कोणी काही इचारत नव्हतं.

घर वाशिमजवळच्या शिरपूरकडचं, भाजीपाल्याचं. रोज तोडा, रोज बाजार. अशा घरात सून झोपली म्हणजे तिनं चोरीच केली. अन् माही पोरगी वांग्याच्या वाफ्यात निंदता निंदता बसल्या जागी झोपे.

"आळशी हाये," इहीन म्हणाली. "चार जुड्या मेथी बांधल्या की टेकली भिताडाले."

"अन् फुगून कशी राह्यली पाहा," आत्या म्हणाली. "खाताना कोणाले दिसत नाही, आंगावर मातर दिसते."

"उन्हाळ्यात चादर पांघरते," जवाई बोलला. लग्नाले चार वरसं झाले, बायकोबद्दल त्यानं एवढंच पाह्यलं होतं.

मंग कारणं निघाले. आत्याच्या मतानं बाहेरची बाधा. म्हाताऱ्याच्या मतानं मोबाईल. केस गळून राह्यले, तं शाम्पूचा दोष. आवाज घोगरा झाला, तं सासूले उलटून बोलते म्हून. पोहरादेवीले नवसबी बोलून झाला होता. एका ओसरीवर एवढे डॉक्टर मी कधी पाह्यले नाही. अन् फीबी घेत नव्हते बिचारे.

"माहेरच्या लाडानं झालं," इहीन म्हणाली.

मी हासली. नवरा गेल्यावर डोक्यावर टोपलं घेऊन गल्लीगल्लीत भाजी इकून म्या हे पोरगी वाढवली. लाड कराले मले टाईम कधी भेटला, थे मलेच माहीत नाही.

"लेकरूबी नाही," इहीन म्हणाली. "बाई, तुमी इले घेऊन जा. बरी झाली तं पाहू."

बरी झाली तं पाहू म्हणजे काय, थे समजाले शाळा शिका लागत नाही. आत्यानं दुसरी पोरगी पाहूनबी ठेवली होती.

मी पोरीले घेऊन वाशिमच्या यष्टीत बसली. रस्त्यानं म्हटलं, "खरं सांग व माय, कायले झोपतं एवढी?"

"मा, मी झोपत नाही," ते म्हणाली. "मी बुडून राह्यली. वरून तुमी हाका मारता, थ्या आयकू येतात, पण हात हालत नाही."

डॉक्टरीन बाईनं तिच्या गळ्याले हात लावला, गिळून दाखव म्हणाली. पाळीचं इचारलं, पोट साफ होते का इचारलं. मंग मले म्हणाली, "आजी, तुमच्याकडं कोणाले गळ्याचा तरास होता?"

माह्या बहिणीचा गळा फुगला होता. आमी म्हणो, भरला गळा हाये, पोत कशी शोभते. तेबी अशीच झोपत झोपत थंडी होऊन गेली. पोत तिच्या सुनेनं घेतली.

रक्ताचा कागद आला. डॉक्टरीन म्हणाली, "गळ्यात थायरॉईडची गाठ, ग्रंथी म्हणतात ते, सगळ्यायलेच असते. तिचा रस रक्तात जाते, अन् त्याच्यावर सारं आंग चालते. आंगातली ऊब, पोट, पाळी, डोकं, सारं. इचं आंगच त्या गाठीले दुश्मन समजून खाऊन राह्यलं. हे एका दिवसात नाही होत, वरसं लागतात. रस कमी कमी होत जाते, तसं माणूस मंद होत जाते. लेकराचंबी त्याच्यानंच अडलं असन."

"म्हणजे आळस नाही?"

"आळस रक्तात दिसत नाही आजी. हे दिसलं."

गोळी देली. सकाळी उठल्याबरोबर, खाली पोटी, पाण्यासंगं. चहा मंग. मी पोरीले सासरी नेऊन सोडलं अन् सांगितलं, "दोन महिने थांबा."

दोन महिने झाले, पोरगी तशीच. इहिनीचा फोन आला, "तुमच्या डॉक्टरीननंबी हात टेकले. आता या न्याले."

मी पह्यले पोरीले वाशिमले नेलं. पुन्हा रक्त तपासलं, नवा कागद पाहून डॉक्टरीन चमकली. "गोळी कधी घेतं तू?"

पोरगी माह्या तोंडाकडं पाहे. मंग बोलली. त्या घरी सून आंग धुतल्याबिगर, देवाले पाणी घातल्याबिगर तोंडात काही टाकत नाही. त्याच्यानंतर सगळ्यायचा चहा, मंग सगळ्यायचं जेवण, मंग तिची शिळी भाकर. त्या भाकरीसंगं गोळी.

डॉक्टरीन म्हणाली, "अशानं गोळी आंगाले लागतच नाही."

मी तशीच इहिनीच्या ओसरीवर गेली. बसा म्हणाले, बसली नाही. म्हटलं, इले गोळी उठल्याबरोबर घेऊ द्या, आंग धुवाच्या आधी.

"पारोशी गोळी देवाले चालत नाही," इहीन म्हणाली. "आमच्या घरची रीत हाये."

"बाई, तुमच्या म्हाताऱ्याची बिडी झोपेतून उठल्याबरोबर पेटते. ते देवाले पारोशी चालते, तं इची गोळी काहून चालत नाही?"

म्हाताऱ्याले ठसका लागला. आत्या पदरात हासली. जवाई उठला, आत गेला, पाण्याचा तांब्या आणून पोरीच्या बाजेजवळ ठेवला. चार वरसात त्यानं बायकोसाठी केलेलं थे पह्यलं काम.

आता पोरगी वाफ्यात झोपत नाही. तोंडाची सूज उतरली. तिथंच नांदते. इहीन गावात सांगते, आमच्या सुनेले आमी सुधरवलं. सांगू द्या. गोळी जलमभर हाये, अन् तिले जलमभर उठून पह्यले तेच घ्या लागते.

तुमच्या घरी कोणती सून, पोरगी बसल्या जागी झोपत असन, अन् तुमी तिले न्यायचं का ठेवायचं हे ठरवाले बसले असान, तं बैठक उद्या करजा. आज तिचं रक्त तपासून आणा.