न आलेले तिघे

सोमवार, सकाळी साडेनऊ. ठाण्यातल्या आमच्या हॉस्पिटलची तळमजल्यावरची खोली. हजर : डॉ. पल्लवी आणि मी, ऑपरेशन थिएटरची सिस्टर इन्चार्ज. गैरहजर : डॉ. मेढेकर. त्यांना जाऊन तेरा दिवस झाले होते. टेबलावर त्यांची वही.

मेढेकर खालचे मोडलेले जबडे जोडायचे. ऑपरेशननंतर तपासणीला आलेल्या पेशंटपुढे ते आधी आपल्या डब्यातली पोळी धरत. "चाव. तोड. आता सांग, दात पूर्वीसारखे बसतात का?" पोळी तुटली की मगच एक्स-रे बघायचे.

शेवटची काही वर्षं त्यांनी एकच प्रश्न धरला होता. मोडलेल्या हाडावर दोन बारीक पट्ट्या बसवाव्यात, की जाळीसारखी एकच? जाळी लवकर बसते, म्हणून ती त्यांची लाडकी. तरी कोणाला काय बसवायचं ते स्वतः ठरवत नसत. पेशंटची संमती घेऊन ऑपरेशनच्या सकाळी बंद पाकीट माझ्याकडे द्यायचे; आतल्या चिठ्ठीत 'पट्ट्या' किंवा 'जाळी' लिहिलेलं असे. "सिस्टर, माझा हात लबाड आहे. तुम्ही फोडा."

शेवटच्या तपासणीला तिघं आलेच नाहीत. पल्लवी म्हणाली, "सर, बाकी सगळं जाळीच्या बाजूनं आहे. लिहून टाकू या ना?"

"न आलेला बरा झाला, हे तुला कोणी सांगितलं गं?"

मग मी पत्ते घेऊन निघाले. पहिली बाई कल्याणला सापडली. दोन पट्ट्या, तब्येत ठणठणीत. "तुमच्या फोनांना कंटाळून नंबर बदलला, तर आता घरी आलात?" म्हणाली आणि चहा दिला.

दुसरा अनंता, डोंबिवलीच्या केमिकल कारखान्यातला. जाळी. मी गेले तेव्हा तो ताकात कालवलेला भात गिळत होता. जबडा एका बाजूला सरकलेला, हनुवटीखालून पू येत होता.

"अरे, आला का नाहीस?"

"सरांनी एवढं केलेलं माझ्यासाठी. बिघडलं म्हणून कसं सांगणार? त्यांना वाईट वाटलं असतं."

त्याला दुसऱ्याच दिवशी घेऊन आले. मेढेकर त्याला म्हणाले, "वाईट वाटून घ्यायचं काम माझं. दुखतंय हे सांगायचं काम तुझं." सैल झालेली जाळी काढून त्यांनी जाड पट्टी बसवली आणि वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं : जाळी निकामी.

अनंताचे टाके काढायच्या आधीच ते गेले. हृदयविकार, घरी, सकाळी दाढी करताना. टाके पल्लवीनं काढले. सर नाहीत हे मी सांगितलं, तेव्हा अनंतानं विचारलं, "माझ्यामुळे त्रास झाला का त्यांना?"

"नाही रे," मी म्हटलं.

सोमवारी पल्लवीनं वही पुढे ओढली. "तिसऱ्याचं काय लिहू, सिस्टर?"

त्यालाही जाळीच बसवली होती. डोंबिवलीची खोली सोडून तो बदलापूरकडे गेला, एवढंच शेजारीण सांगते. फोन लागत नाही.

"रिकामं ठेव," मी म्हटलं.

बदलापूरला अजून जायचंय.