सिंधूअक्कांची सही

मेल आला तेव्हा सिंधूअक्का केळ्यांच्या ट्रॉलीसकट विहिरीत पडल्या होत्या. म्हणजे आमच्या गेममध्ये. मी मागे उभी राहून वहीत लिहीत होते : वळणावर ब्रेक सापडत नाही.

जळगावात आमचा अकरा जणांचा गेम स्टुडिओ. मी डिझायनर. अक्का मूळच्या नरडाण्याच्या, अहिराणी बोलणाऱ्या; आमचे जेवणाचे डबे त्याच आणतात. दर शनिवारी जेवणं झाली की अर्धवट झालेला गेम त्यांच्या हातात द्यायचा आणि तोंड मिटून बघत बसायचं. याला प्लेटेस्ट म्हणतात. खेळणारा जिथे अडतो, तिथे चूक आपली.

महिन्यापूर्वी बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं होतं. नव्या खुर्च्या आल्या, गळ्यात कार्डं आली, आणि चहा पिताना होणारे निर्णय मीटिंगमध्ये जाऊन अडकले. आता हा मेल : रिलीज न झालेला गेम बाहेरच्या कुणाला दाखवू नका. दाखवायचाच तर एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, सही करून घ्या.

मी करार मराठीत करून दिला. अक्कांनी चष्मा लावून दोन्ही पानं वाचली, सावकाश सही केली आणि आपली प्रत डब्यांच्या पिशवीत ठेवली.

पुढे बंगळुरूहून प्रॉडक्ट हेड कार्तिक सर आले. गेम ठेवायचा की बंद करून आम्हाला बंगळुरूला न्यायचं, हे तेच ठरवणार होते. नव्या खेळाडूला शिकवायला म्हणून त्यांच्या टीमने सुरुवातीलाच सूचनांच्या बारा चौकटी घातल्या होत्या. मी विरोध केला, तर उत्तर आलं, ‘डेटा काय म्हणतो?’ माझ्याकडे डेटा नव्हता. अक्का होत्या.

सरांसमोर अक्का खेळायला बसल्या. सातव्या चौकटीला त्यांनी फोन खाली ठेवला.

“अक्का, गेम कैसा लगा?” सरांनी विचारलं.

“मी सांगाव नही.” त्यांचं बोलणं मी सरांना हिंदीत सांगत होते.

“क्यों?”

“मन्ही सही शे कागदवर. कोनलेच सांगता येत नही.”

“पर मैं तो कंपनी का हूँ.”

“मंग तुमना कागद दाखाडा.”

सरांनी गळा चाचपला. कार्ड हॉटेलवर राहिलं होतं. आम्ही ओठ दाबून बसलो. शेवटी मी एका कागदावर लिहिलं, ‘साहेबांना सांगायला हरकत नाही,’ आणि खाली सही केली. अक्कांनी तो वाचला, घडी करून ठेवला, मग म्हणाल्या, “गाडी चालाडू का हाई वाचू? बठ्ठं काढी टाका.”

‘सगळं काढून टाका,’ हेही मी हिंदीत सांगितलं. सरांनी फोन घेतला आणि पहिल्यापासून खेळायला लागले. चौथी चौकट नेमकी ब्रेकच्या बटणावर येत होती. सर विहिरीत गेले. आधी अक्का हसल्या, मग सर, मग आम्ही सगळे.

दहा चौकटी गेल्या. गेम राहिला, आणि आम्हीही जळगावातच राहिलो. आता कंपनीच्या प्रत्येक ऑफिसात आठवड्याला प्लेटेस्ट होते, कॅलेंडरवर नोंद करून.

कंपनी विकली जाते तेव्हा कोड, खुर्च्या, नाव, सगळ्याची यादी होते. चांगल्या सवयी त्या यादीत नसतात. त्या आपणच लिहायला लावाव्यात.