वांग्याच्या फुलाचा रंग

सुरतेत मी पाहिलेला सगळ्यांत श्रीमंत माणूस बमरोलीत भाड्याच्या एका खोलीत राहायचा आणि दोनच सदरे बाळगायचा, दोन्ही पांढरे. आमच्या साडी छपाईच्या कारखान्यात ते रंगमास्तर होते. व्यापारी नमुन्याची चिंधी पाठवतो, तिच्याशी हुबेहूब जुळणारा रंग कालवून द्यायचा, हे त्यांचं काम. रंगाच्या खोलीत पांढरा सदरा घालणारा माणूस मला पहिल्या दिवशी वेडाच वाटला. "डोळ्याला विसावा नको का रे, वाशीमवाल्या?" ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत त्या विसाव्याची रंगपंचमी झालेली असायची, आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सदरा घासता घासता त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या.

मास्तर जगातली प्रत्येक गोष्ट जुळवून बघत. नाक्यावरचा चहा पिण्याआधी पेला उजेडात धरत आणि "दोन थेंब काळा जास्त झालाय" म्हणून परत देत. चहावाला कावायचा, "मास्तर, चहा प्यायचाय की नेसायचाय?" भाच्यासाठी मुलगी बघायला डिंडोलीला गेले, तर परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, मुलगी कशी आहे? हे म्हणाले, "भिंतीचा पोपटी फार सुरेख होता." लग्न जमलं, तरी भाचा अजून ते विसरलेला नाही.

त्यांची एक जाडजूड वही होती. जमलेल्या प्रत्येक रंगाची चिंधी तिच्यात चिकटवलेली. कारखान्यात रंगांना नुसते नंबर. मास्तरांच्या वहीत नावं. 'भिजलेलं कौल', 'सायीखालचं दूध', 'सासूचा दुपारचा राग'. मास्तरांना लिहिता येत नव्हतं. मी आठवीतून शाळा सोडलेला, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. शाळा सुटल्यापासून माझ्या अक्षराकडे कुणी बघितलं नव्हतं. मास्तर तेही उजेडात धरून बघत. "जमलं," म्हणत.

मी मूळचा भित्रा. कुणी नुसतं नावानं हाक मारली तरी मला वाटायचं, काढलं आपल्याला कामावरून. आणि एकदा खरंच तशी वेळ आणली मी. मास्तर गावी गेलेले, गडद जांभळा जुळवायचा होता. चाचणीची चिंधी छापून, धुऊन झाली, पण ती वाळेपर्यंत धीर कुणाला! ओलीच नमुन्याला लावली, जुळली, आणि कामाला हो म्हणून बसलो. ओला रंग गडद दिसतो, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर. सगळा माल वाळून फिकट निघाला, आणि छापलेल्या साड्या काही परत बुडवता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मास्तर आले तेव्हा मी पिशवी भरून बसलो होतो. "कसाले रडस भो?" कशाला रडतोस, एवढंच आपल्या अहिराणीत विचारून त्यांनी एक साडी उचलली आणि मला ओढत शेठसमोर नेलं. शेठ ओरडले, "जांबली मांग्यो तो, आ शुं आप्युं?" जांभळा मागितला होता, हे काय दिलंत?

"भूल हमारी, शेठ. पर कलर देखो." असं म्हणून मास्तरांनी पदर डोक्यावर घेतला आणि पांढऱ्या मिशांसकट दारातल्या उन्हात जाऊन उभे राहिले. शेठ पोट धरून हसले. मग हसता हसता थांबले. "आमां कंईक छे तो खरुं," म्हणाले. यात काहीतरी आहे.

माल बाजारात गेला आणि व्यापाऱ्यानं तोच रंग पुन्हा मागितला. मास्तरांनी वही काढली. "तुझ्या घरी याला काय म्हणतात?"

"आईच्या परसातलं वांग्याचं फूल," मी म्हणालो.

"लिही."

खूश होऊन शेठ म्हणाले, मास्तर, मागा काय हवं ते. मास्तरांनी रंगखोलीला उत्तरेची खिडकी मागितली. सगळे म्हणाले, पगार मागायचा सोडून म्हाताऱ्यानं भिंतीला भोक मागितलं! मास्तर म्हणाले, "पगार गावी, धुळ्याला जातो. उजेड मी खातो."

मग एका वर्षी साबणावरून त्यांचं घरात महिनाभर भांडण चाललं. सदरा पिवळा राहतो, काकू नीट धूत नाहीत. शेवटी खिडकीशी उभं राहून मला विचारलं, "सदरा कसा आहे रे?"

"पांढराशुभ्र, मास्तर."

त्यांनी बाही उजेडात धरून पुन्हा एकदा बघितली. शेठ थांबा म्हणत होते, पण त्याच आठवड्यात वही माझ्या हातात देऊन ते गावी गेले.

मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांनी फोन आला. "अरे, आभाळ एवढं निळं असतं? इतकी वर्षं मी तुम्हाला निळा कमी घालायला लावला की रे! मालामाल झालो बघ." तेव्हापासून आठवड्याला एखादं नवं निळं नाव येतं. मी वहीत लिहितो. चिंधी नसते, म्हणून नावापुढची चौकट रिकामी सोडतो.

आता जुळवणी मी करतो. ओली चिंधी घेऊन खिडकीशी उभा राहतो आणि वाळेपर्यंत थांबतो. तेवढ्या वेळात बाहेर बघून होतं. उधन्याकडचं धुरकट आभाळ मास्तरांच्या आभाळापेक्षा दोन थेंब कमीच असतं, पण ते दोन थेंब कमी आहेत हे आता मला दिसतं.