चॉकलेटी केळं

केळं चॉकलेटी रंगवलेलं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर काळ्या खडूने बारीक रेघाही ओढलेल्या. मी लाल पेनने फुली मारली, शेजारी ‘रंगओळख कच्ची’ असं लिहिलं आणि पुढचा कागद घेतला. अर्धं मिनिटही लागलं नसेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. मी वसईतल्या एका शाळेत सिनियर केजीची टीचर होते. माहेर साताऱ्याकडचं, लग्न होऊन नायगावच्या फ्लॅटमध्ये आलेली, नोकरीचं दुसरं वर्ष आणि अंगात उत्साह म्हणाल तर ओसंडून वाहत होता. प्रत्येक मुलाची आमच्याकडे एक ऑब्झर्वेशन शीट असायची. पोर बोलतं का, कात्री धरतं का, रंग ओळखतं का, हे वर्षभर बघून त्यात लिहायचं. तीन ठिकाणी ‘कच्चं’ आलं की हेडमिस्ट्रेस मॅडम पालकांना बोलावून घेत. मग पोर पहिलीत जाणार की पुन्हा सिनियर केजीत बसणार, ते ठरे.

जेनीचं हे तिसरं ‘कच्चं’ होतं. शेजारच्या गिरीज गावातल्या वाडीवाल्यांची पोरगी. वर्गात अगदी गप्प असायची.

मॅडमनी तिच्या मम्मीला, मोनिकाला, बोलावलं. “सोमवारी मी स्वतः घेते तिची टेस्ट. नाही जमलं तर रिपीट करावं लागेल,” मॅडम म्हणाल्या.

केबिनच्या बाहेर आल्यावर मोनिकाने मला गाठलं. “टीचर, तो कागद घरी सहीला आला तेव्हापासून रोज फुटपट्टी घेऊन बसवते मी तिला. केळं पिवळं, केळं पिवळं! शंभरदा सांगितलं. आता ती खडूला हातच लावत नाही. आधी भिंती रंगवायची हो माझ्या!”

फुटपट्टी तिच्या हातात होती, पण कारण माझी फुली होती.

जाता जाता तिने पिशवीतून एक पुडी काढून माझ्या हातात दिली. केळीच्या वाळक्या पानात घट्ट बांधलेली. “घरची सुकेळी आहेत. नाही म्हणू नका.”

सुकेळी म्हणजे काय, मला कुठं ठाऊक! स्टाफरूममध्ये बसून पुडी सोडली. आत केळी. सोललेली, उन्हात वाळवलेली, चिकट, आणि चॉकलेटी! वर बारीक काळपट सुरकुत्या! मी ताडकन उठले, कपाटातून जेनीचा कागद काढला आणि पुडीशेजारी ठेवला. अगं बाई! रेघा तशाच्या तशा होत्या. पोरीने जे पाहिलं, ते हुबेहूब काढलं होतं, आणि मी शहाणी त्यावर फुली मारून बसले होते. आनंद झाला की लाज वाटली, सांगता येत नाही. दोन्ही एकदम झालं. दोन सुकेळी मात्र तिथल्या तिथे फस्त केली.

शनिवारी शाळा सुटल्यावर थेट गिरीज गाठलं. जेनी मला बघून आईमागे लपली. मी खाली अंगणात मांडी घातली. “जेनी, माझं चुकलं गं. तुझं केळं बरोबर होतं. मलाच माहीत नव्हतं. दाखवशील मला?”

तिने आधी आईकडे पाहिलं. मग माझं बोट धरून जी निघाली! घड कुठे कापतात, पिकायला कुठे ठेवतात, चटईवर केळी कशी उलटायची. गप्प पोरगी म्हणे! तिची टकळी थांबेना.

वाडीत केळीच्या पानांचे कापलेले देठ पडले होते. आडवा काप घेतला की आत छोट्या छोट्या खणांची जाळी दिसते. मी मोनिकाकडून कपड्यांची नीळ मागितली, देठ त्यात बुडवला आणि जुन्या वर्तमानपत्रावर ठसा उमटवला. जेनीने देठ माझ्या हातातून ओढूनच घेतला. दहा, वीस, तीस ठसे! मग खडू आणले आणि खणाखणात रंग भरायला लागली.

मोनिका वाकून म्हणाली, “अगं, तसं नाही...”

मी तिच्याकडे पाहिलं. तिने जीभ चावली. “बरं, काय काढलंस ते सांग मला.”

“चर्चची खिडकी,” जेनी म्हणाली. थोड्या वेळाने बघते तर मोनिकाही ठसे मारत बसलेली, कोपरापर्यंत निळी. आणि निघताना मी फुटपट्टी मागून घेतली. तिने हसत दिली.

सोमवार उजाडला. मॅडम, मी, जेनी, आणि दारात मोनिका. मॅडमना मी मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. पोरीने स्वतः बोलावं, असं वाटत होतं. मॅडमनी केळ्याचं न रंगवलेलं चित्र पुढे ठेवलं.

“जेनी, केळ्याचा रंग कोणता?”

जेनीने चित्रावरून बोट फिरवलं. मोनिकाचे ओठ हलायला लागले, पण शब्द तिने आतच ठेवला. मला तिची पाठ थोपटावीशी वाटली.

जेनीने मान वर केली. “कुठल्या दिवसाचं?”

“म्हणजे?”

“कापलं त्या दिवशी हिरवं. पिकलं की पिवळं. सोलून उन्हात टाकलं की रोज थोडं थोडं चॉकलेटी.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. “आणि पूर्ण चॉकलेटी झालं की?” त्यांनी विचारलं.

“की खायचं!”

मॅडम खो खो हसल्या. तिथल्या तिथे ‘पहिलीत पाठवावी’ असं लिहून सही केली. दारात मोनिका एकाच वेळी रडत आणि हसत होती. मी उडी मारायची तेवढी बाकी होती.

पुढे कितीतरी वर्षं शिकवलं. लाल पेन टाकून दिलं वगैरे मी सांगणार नाही, वापरायचंच होतं. फक्त फुली मारायच्या आधी ‘हे काय काढलंस?’ असं विचारायची सवय लावून घेतली. आणि केळ्याचा रंग मात्र कुणाला विचारला नाही. विचारायचाच, तर आधी दिवस सांगावा लागतो.